नातेलाचे अक्रोड

“त्यांना सांगा ना, त्या अगदी माझ्या आईसारख्या दिसतात,” तिबिलिसीच्या बाजारातली ती बाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला म्हणाली.

मी अक्कांकडे वळले आणि सांगितलं, “भाव कमी होणार नाही म्हणतेय.”

“अगं, पण मी कुठं काय विकत घेतेय?” अक्का म्हणाल्या. “मी नुसती बघतेय. हे अक्रोड दोऱ्यात ओवलेत होय गं?”

खरंच ओवलेले होते. ओवून, द्राक्षाच्या दाट रसात बुडवून वाळत टांगलेले. बाईनं त्यातली एक माळ काढून अक्कांच्या हातात ठेवली, त्यांच्या गालाला हात लावला आणि पैसे द्यायला गेले तर मला चक्क झिडकारलं. शेजारी उभ्या असलेल्या मला, म्हणजे जिनं तिच्याशी इंग्रजीत बोलायची तसदी घेतली तिला, एक तुकडासुद्धा दिला नाही.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते, कराडच्या शाळेतून इंग्रजीची शिक्षिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि एका विधवा बाईवर जळत होते. आता लपवून काय करायचंय?

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझ्या लग्नाला दोन वर्षं होतायत तोवर थोरले भावजी हार्ट अटॅकनं गेले. अक्का तेव्हा एकोणतीस वर्षांच्या, मूलबाळ नाही. त्या आमच्याकडेच राहिल्या. पुढं हृषी झाला तेव्हा माझी नोकरी पाटणला होती. सकाळी सातची एसटी पकडायची आणि दिवेलागणीला घरी यायचं. पोरगं अक्कांच्या मांडीवर वाढलं. पहिला शब्द बोललं तोही ‘अक्का’. मी शाळेतून आले तर सगळं घर कौतुकानं मला तेच सांगत होतं, आणि मी चपला काढता काढता हसत होते. ते हसणं किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

हृषी पुढं त्यांना अक्काई म्हणायला लागला. ताप आला की अक्काई. शाळेत मारामारी केली की अक्काई. केतकी आवडते हेसुद्धा आधी अक्काईला सांगितलं आणि मग आठ दिवसांनी मला. जॉर्जियाची ही सहलसुद्धा त्यानंच काढून दिली. “माझ्या दोन्ही आयांना,” म्हणाला. यांचे गुडघे दुखत होते म्हणून हे घरी राहिले, आणि मराठी मंडळींच्या तीस जणांच्या बसमध्ये आम्ही दोघी जावा शेजारी शेजारी बसलो.

विमानतळावर निरोप देताना हृषीनं मला बाजूला घेतलं होतं. मार्गशीर्षात त्याचं लग्न ठरलं होतं.

“आई, एकच मागतो. केतकीची पहिली ओटी अक्काईनं भरायची. तू हो म्हण, बाकीच्यांचं मी बघतो.”

ओटी भरायचा मान सवाष्णीचा, पाहुणे काय म्हणतील, केतकीच्या आईला चालेल का, असं मी बरंच काही बोलले. तो शांतपणे म्हणाला, “केतकीच्या आईला विचारलंय. राहिलीस तू. अक्काईला मी काही बोललो नाहीये. तू नाही म्हणालीस तर तिला कळायलासुद्धा नको.”

परत आल्यावर सांगते, म्हणून मी वेळ मारून नेली.

लोकांचं कारण पुढं केलं खरं, पण लोकांची भीडभाड मी कधी ठेवली होती? खरं कारण वेगळं होतं. सासू मी होणार होते. एकोणतीस वर्षांत त्या पोराच्या बाबतीत निदान एक गोष्ट तरी पहिल्यांदा मला करायची होती. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या तेव्हा अक्का आत स्वयंपाकघरात तिळगूळ वळत बसायच्या. तुम्ही बाहेर येऊ नका, असं मी त्यांना कधी म्हटलं नाही. या, असंही कधी म्हटलं नाही.

तर अशी मी, आणि बरोबर त्या. मी सहलीसाठी मुद्दाम दोन पँटी, चार कुर्ते आणि पांढरेशुभ्र बूट घेतले होते. अक्का मात्र नेहमीच्या सुती नऊवारीत, वरून हृषीचा जुना स्वेटर, पायात कापडी बूट. मला वाटलं होतं, परदेशात यांना सांभाळता सांभाळता माझ्या नाकी नऊ येणार. झालं उलटंच. जिथं जावं तिथं लोक अक्कांभोवती गोळा. कुणी फोटो काढायला मागायचं, कुणी बाकावरून उठून जागा करून द्यायचं. एका म्हाताऱ्यानं डाळिंबाचा रस काढून त्यांना पेला दिला आणि त्यांनी तो संपवेपर्यंत छातीवर हात ठेवून समोर उभा राहिला. अक्का प्रत्येकाशी मराठीत बोलायच्या. “बाबा, तुझं बरं होईल हो,” असं त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या आणि त्यानं मान डोलावली. आता याला काय कळलं असेल, सांगा.

माझ्या हातात एकच गोष्ट होती, भाषांतर. आमची गाइड तामुना, तिशीची जॉर्जियन मुलगी, इंग्रजी चांगलं बोलायची. तिच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून अक्कांकडे, असं सगळं जायचं. मी जमेल तेवढं वाटेत कापायला लागले. ‘तुमच्या आजीबाई फार गोड आहेत’ याचं मी ‘गर्दी करू नका म्हणतायत’ केलं. ‘यांच्या डोळ्यांत माया आहे’ याचं ‘बस सुटायची वेळ झाली’ केलं. मला त्यात पाप वाटत नव्हतं. उलट थोडं बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी घाटाच्या रस्त्यानं बस चालली होती. वळणावर वळणं. अक्का आधी गप्प झाल्या, मग पांढऱ्या पडल्या, मग माझं मनगट धरून म्हणाल्या, “शैला, मला भोवळ येतेय गं.”

बस थांबवली. रस्त्याच्या कडेला एकच घर होतं, लाकडी कठड्याचं, पुढं द्राक्षाचा मांडव. तामुना पाणी मागायला गेली आणि मागोमाग एक म्हातारी बाहेर आली. डोक्याच्या रुमालापासून पायातल्या मोज्यांपर्यंत सगळे कपडे काळे. तिनं काही विचारलं नाही. अक्कांच्या काखेत हात घातला, कमरेला धरलं आणि सरळ घरात नेलं. मी आणि तामुना मागून. बाकीची मंडळी खाली उतरून डोंगराचे फोटो काढत बसली.

म्हातारीचं नाव नातेला. तिनं अक्कांना अंगणातल्या बाकावर आडवं केलं, पायाखाली उशी दिली, आणि वाटीतून गडद लाल, आंबट चटणीसारखं काहीतरी आणून चमच्यानं चाटवलं. आंबट आलुबुखारांचं असतं म्हणे ते. अक्कांनी तोंड वाकडं केलं, आणखी एकदा चाटलं, आणि पाच मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

नातेलानं मलाही खुर्ची दिली होती. पनीरसारखं काहीतरी लावून गरम भाकर पुढं केली होती. मी हात हलवून नको म्हटलं. कुठलं पाणी, कुठलं दूध, पोट बिघडलं तर? हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं कित्येक दिवस मी मनाशी घोकत होते की त्या देशात मला कुणी काही दिलंच नाही.

अंगणात जमिनीत रोवलेल्या रांजणासारखी भट्टी होती. नातेला वाकून तिच्या आतल्या भिंतीवर लांबट भाकरी थापत होती. अक्का उठून बसल्या, मग उभ्या राहिल्या, मग काठाशी गेल्या. “अगं, हात भाजेल की तुझा,” त्या म्हणाल्या. नातेलानं काहीतरी उत्तर दिलं. अक्का म्हणाल्या, “आमच्याकडे तव्यावर करतात.” आणि हवेत भाकरी थापून दाखवली. नातेला हसली, एक गोळा त्यांच्या हातात दिला. अक्कांनी तो दोन तळव्यांत असा काही वाढवला की म्हातारी बघतच राहिली. मग दोघी बोलायला लागल्या. एक मराठीत, एक जॉर्जियनमध्ये. मी आणि तामुना, दोघी इंग्रजीवाल्या, खुर्च्यांवर बसून त्यांच्याकडे बघत होतो. माझी कुणाला गरजच उरली नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अक्कांनी फोन काढून हृषीचा फोटो दाखवला. साखरपुड्यातला, फेटा बांधलेला. नातेलानं चष्मा लावून बघितला आणि अक्कांच्या छातीकडे बोट करून विचारलं. मुलगा का तुझा, हे कुणालाही कळलं असतं.

अक्कांनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे हात केला. “हिचा,” म्हणाल्या. पण फोनवरून अंगठा असा फिरवला, की नातेलानं माझ्याकडे एकदा बघितलं, त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि काय समजायचं ते समजली. मला वाटलं, इथंसुद्धा? समुद्रापार येऊन, एका अनोळखी बाईच्या अंगणातसुद्धा माझा मुलगा माझा नाही?

मी तामुनाला जरा जोरातच म्हटलं, “माझा मुलगा आहे. दोन महिन्यांनी त्याचं लग्न आहे.”

लग्न म्हटल्यावर नातेला उठली आणि घरात गेली. परत आली ती काळ्या झग्याच्या सोग्यात अक्रोड घेऊन. अख्खे, सालीसकट, तिच्याच झाडाचे. ती पिशवी शोधायला लागली. आमच्या पिशव्या बसमध्ये. तेवढ्यात अक्कांनी, अगदी सवयीनं, कुणी भाजी द्यायला आलं की करतात तसा, पदर पुढं केला.

नातेलानं दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि पदरात घातली.

अक्का थबकल्या. आपण कशा उभ्या आहोत ते त्यांना त्याच क्षणी कळलं. समोर बाई, हातात ओंजळ, आपला पदर पसरलेला. तेहतीस वर्षांत कुणी त्यांना असं उभं केलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरातल्या धाकटीनं थोरलीकडे बघावं तसं, त्या थोरल्या असून.

“घेऊ का गं?” त्यांनी विचारलं.

मला ‘घ्या’ म्हणायला किती वेळ लागला असता? मी मात्र तामुनाकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “तिला सांग, या विधवा आहेत. आमच्यात विधवांना असं देत नाहीत.”

अक्कांना इंग्रजी येत नाही. पण भावजींच्या पेन्शनच्या कागदांवर एक शब्द इतक्या वेळा आला होता, साहेबांनी इतक्या वेळा त्यांना तो ऐकवला होता, की ‘विडो’ एवढं त्यांना कळायचं. त्यांची मान खाली गेली. पदराचं एक टोक हातातून सुटलं आणि तीन-चार अक्रोड अंगणात घरंगळले.

तामुना घुटमळली. मग तिनं सांगितलं. नातेलानं ऐकून घेतलं, स्वतःचा काळा झगा चिमटीत धरला आणि मला दाखवला. तामुना म्हणाली, “त्या म्हणतायत, मीसुद्धा. बावीस वर्षं झाली. म्हणून पाहुणीला रिकाम्या हातानं पाठवू?”

नातेला गुडघ्यावर बसली. खाली पडलेले अक्रोड तिनं एक एक वेचले, पुसले, अक्कांच्या पदराचं सुटलेलं टोक त्यांच्या हातात परत दिलं आणि ओंजळीवर ओंजळ ओतत राहिली. मग फोनमधल्या हृषीच्या फोटोवर बोट ठेवलं, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं करून दाखवलं, अक्कांचा उजवा हात धरून त्यात एक अक्रोड ठेवला आणि तो हात हवेतल्या कुणाच्या तरी पदरात रिकामा केला. बोलत होतीच.

तामुनाचे डोळे भरले होते. तिनं मला सांगितलं, “त्या म्हणतायत, यातले नवरीला द्या. पण यांच्या हातानं. ज्या हातांनी मुलगा वाढवला त्याच हातांनी.”

“काय म्हणाली गं?” अक्कांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “प्रवास नीट होऊ दे म्हणाली.”

बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या. मांडीवर पदराचं गाठोडं, वर दोन्ही हात. मंडळींनी काय आणलं म्हणून विचारलं तरी दाखवलं नाही. बऱ्याच वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “शैला, पदर जड झाला की किती बरं वाटतं गं. विसरलेच होते मी.” मग म्हणाल्या, “निम्मे तुला देते हं. पण तू पँट घातलीयस, ठेवशील कशात?”

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना टोमणा येतच नाही, तीच तर माझी पंचाईत. मी झोपेचं सोंग घेतलं.

घरी आल्यावर हृषीचा फोन आला. काय ठरवलंस? मी म्हटलं, बघू. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही. अक्कांनी अक्रोड धुऊन, उन्हात वाळवून एका स्टीलच्या डब्यात भरले होते. एकही फोडला नाही. मी रोज तो डबा फडताळात बघायची आणि रोज माझं डोकं फिरायचं. त्या बाईला काय पडलं होतं? द्यायचे तर नुसते द्यायचे होते, बरोबर निरोप कशाला?

लग्नाच्या दिवशी कार्यालयात मी मोरपंखी पैठणी नेसून ओटीचं ताट घेऊन उभी होते. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. केतकी पाटावर बसली होती. नणंदा, मावश्या, सगळ्या सवाष्णी जमल्या होत्या. हृषी जरा लांब उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता, बायकांच्या घोळक्यातून मागच्या दाराकडे बघत होता. अक्का तिथं नव्हत्या.

माझ्या मनासारखं सगळं झालं होतं. पहिली मी. पण लेकाचं तोंड बघितलं आणि ते ताट मला पेलवेना. मी ते नणंदेच्या हातात दिलं आणि म्हटलं, “थांबा जरा.”

अक्का मागच्या खोलीत आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. शेजारी त्यांची पिशवी, आणि पिशवीत तो स्टीलचा डबा. आणला होता बरोबर. मला बघून म्हणाल्या, “काय गं, काही राहिलं का?”

“अक्का,” मी दारातच उभी राहून म्हटलं, “त्या नातेलानं काय सांगितलं होतं ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

त्या घडी घालायच्या थांबल्या.

“ती म्हणाली होती, यातले नवरीला द्या. तुमच्या हातानं द्या, असं म्हणाली होती.”

“मला कळलं होतं ते तेव्हाच,” अक्का म्हणाल्या. “हात धरून दाखवलंन की तिनं. भाषा कशाला लागते?”

मी विचारलं, “बाजारातली बाई? तेही?”

“ती माझा गाल धरून रडायच्या बेतात होती, शैला. भाव कमी होणार नाही म्हणून कुणी रडतं का?”

म्हणजे आठ दिवस ही बाई माझं सगळं खोटं भाषांतर ऐकत होती आणि ‘बरं’ म्हणत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मग बोलला का नाहीत?” मी विचारलं. “दोन महिने डबा जपून ठेवलात. हृषीला एक शब्द सांगितला असतात तर त्यानं तुम्हाला हाताला धरून पुढं नेलं असतं.”

“नेलं असतं,” अक्का म्हणाल्या. “पण पोर तुझं आहे. तू बोलावल्याशिवाय मी कशी येऊ?”

तेहतीस संक्रांती माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. मी रडले. पैठणीच्या पदरानं नाक पुसू नको म्हणून त्यांनी आपला रुमाल दिला. मी त्यांना म्हटलं, “चला, अक्का. मी बोलवायला आलेय.”

बाहेर कुणी काही म्हटलं का? म्हटलं असेल. मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की केतकीनं पदर पसरला, आणि अक्कांच्या हातून तांदळाबरोबर पाच अक्रोड तिच्या ओटीत पडले. हृषी आमच्याकडे आला आणि आधी अक्कांच्या गळ्यात पडला. आधी त्यांच्याच. त्या क्षणीसुद्धा माझ्या पोटात बारीकसं दुखलं. खोटं कशाला बोलू? त्या मिठीचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे, आणि पुसायला घेतला की आजही दुखतं.

मी नणंदेकडून ताट घेऊन बाजूला सरकत होते तेवढ्यात अक्कांनी मला हाक मारली. डब्यात त्यांचा हात अजून होता.

“कुठं निघालीस? तुझे निम्मे राहिलेत की,” त्या म्हणाल्या. “आज नेसलीयस ना लुगडं? मग पदर पुढं कर.”

मी ताट खाली ठेवलं आणि पदर पुढं केला.